६०० ची बीआरएम आणि थंडी : सराव नेमका कशाचा करायचा?

मागचंचाक | १४ नोव्हेंबर, रात्री १०.४०

मंडळी, गेल्या फेब्रुवारीत ६०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत, ६०० ला ४० तासांत, पूर्ण करायची सायकल राइड; शर्यत नाही) केली. म्हणजे ४१२ किमी केली आणि मंडईला निघालेल्या भाजीच्या टेम्पोत सायकल टाकून पुण्याला आलो. डीएनएफ, म्हणजे राइड अपूर्ण.

पाय दुखत नव्हते, पंक्चर नव्हतं, पोटही ठीक होतं. निपाणीच्या पुढून वळून परत येत होतो. पहाटे साडेचारला पेठ नाक्याजवळ एका टपरीवर शेकोटी दिसली. म्हटलं पाच मिनिटं हात शेकू. ते पाय तिथून उठलेच नाहीत. १८८ किमी राहिले होते आणि हातात साडेसतरा तास होते! शांतपणे गेलो असतो तरी चाललं असतं. हे गणित मला दुसऱ्या दिवशी दुपारी, आंघोळ करून वरणभात खाताना सुचलं.

यंदा १ नोव्हेंबरपासून नवा हंगाम सुरू झालाय. २००, ३००, ४००, ६०० एकाच हंगामात करून एसआर (सुपर रँडॉनिअर, या चौकडीचा किताब) व्हायचं आहे. डोक्यात २०२७ चं पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसही (दर चार वर्षांनी होणारी १२०० किमीची राइड) आहे. मागच्या खेपेला आदल्या वर्षी ज्याची बीआरएम जास्त लांबीची, त्याला नोंदणी आधी खुली झाली होती. त्यामुळे हे वर्ष वाया घालवायचं नाही.

वय ४७, नोकरी बँकेत, म्हणजे दुसरा आणि चौथा शनिवार काय तो मोकळा. सिंहगड रोडला राहतो. सध्या रोज पहाटे ४० किमी, सरासरी २८ च्या आसपास. रविवारी गोळेवाडीपासून सिंहगड दोनदा. हे पुरेसं आहे का? की अजून वेग वाढवू?

घाटनाना | १५ नोव्हेंबर, सकाळी ६.१५

वेग कशाला वाढवतोस बाबा? तुझं ते मोबाइलमधलं रेकॉर्ड काढ आणि सांग, त्या साडेबावीस तासांत चाकं किती वेळ फिरली?

मागचंचाक | १५ नोव्हेंबर, दुपारी १.०५

नाना, आत्ता जेवणाच्या सुट्टीत बघितलं. सायकल चालती १७ तास १० मिनिटं. बाकी थांबा. म्हणजे ५ तास २० मिनिटं मी थांबलो होतो?? झोपलो तर एक मिनिटही नाही.

घाटनाना | १५ नोव्हेंबर, रात्री ८.३०

हेच म्हणत होतो. २४ च्या सरासरीने धावलास आणि कमावलेला सगळा वेळ हॉटेलच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत उडवलास. इथे चहा, तिथे सेल्फी, ग्लोव्हज शोधण्यात दहा मिनिटं. थांब्याची उधळपट्टी लक्षातच येत नाही.

६०० ला ४० तास असतात. चालतं चाक २० ने ठेवलंस तर ३० तास. उरले १०. चार तास रीतसर आडवं व्हायचं, सहा तासांत खाणं, पाणी, शिक्के (वाटेतल्या ठरलेल्या थांब्यांवर, म्हणजे कंट्रोलवर, कार्डावर घ्यायचे), कपडे बदलणं. २० हा काय वेग आहे? शाळेत अ‍ॅटलासवर दप्तर लावून जायचो त्याच्याहून थोडा जास्त. पण तो ३० तास टिकवायचा, ही खरी गोम.

म्हणून डिसेंबर संपेपर्यंत धाप लागू द्यायची नाही. शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. एकटा असशील तर रामरक्षा म्हण, मध्ये श्वास तुटला की गियर हलका कर. यात अध्यात्म काही नाही. शरीरात साखरेचा साठा असतो दीड-दोन हजार कॅलरींचा, जोरात चालवलं की तो दोन-तीन तासांत चाटूनपुसून साफ. चरबी मात्र माझ्यासारख्या काटकुळ्याकडेही पॅरिसपर्यंत पुरेल इतकी असते. ती वापरायची सवय शरीराला हळू चालवूनच लागते, आणि त्याला महिने जातात.

रोजचे ४० किमी निम्मे कर. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी १२०, आणि लगेच रविवारी त्याच जड पायांनी ८०. दुसऱ्या दिवशीचे ८० महत्त्वाचे.

वय ६३ आहे, तीनदा एसआर झालोय, एकदाही कुणाच्या पुढे आलेलो नाही.

पंक्चरवाली | १६ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

नाना, तुमचं सगळं मान्य, पण निवृत्त माणसाचं वेळापत्रक नोकरदाराच्या गळ्यात मारू नका. आठवड्याला सहा-सात तासच मिळत असतील तर नुसतं हळू चालवून भागत नाही. मंगळवार-गुरुवार तासभर, त्यात दहा-दहा मिनिटांचे तीन-चार जोराचे टप्पे, आणि बाकी सगळं तुम्ही म्हणता तसं हळू. आणि घरी स्क्वॉट्स, प्लँक. माझे पहिल्या ४०० ला पाय नाही गेले, कंबर आणि मान गेली. शेवटचे ६० किमी हनुवटी हाताने धरून चालवले आहेत.

मी नाशिकची. इथे महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या टीमने रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका (तो अख्खा देश आडवा पार करायची शर्यत) पूर्ण केल्यापासून घरटी एक सायकलवाला आहे (आणि घरटी एक सल्ला देणाराही, त्यातलीच मी). थंडीचं म्हणाल तर आमचं निफाड दर डिसेंबरात पेपरात असतंच.

थंडीत चुकतं ते चढावर. घाटात चढताना जाकीट घालून घाम काढायचा आणि माथ्यावरून तसंच ओल्या अंगाने उतरायचं. कसारा उतरताना माझे दात असे वाजले की ब्रेकचे लीव्हर थरथरत होते. आता नियम असा की चढ सुरू होण्याआधी जाकीट काढायचं, सुरुवातीला कुडकुडायला झालं तरी चालेल. माथ्यावर थांबून जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी. हसू नका, युरोपातले जुने रेसर हेच करायचे. चहावाल्याकडे रद्दी असतेच. खाली उतरल्यावर त्याच कागदावर भजी.

बायकांसाठी एक : रात्रीचा सराव एकटीने नको. आम्ही तिघी ठरवून निघतो, आणि सोयीचे पेट्रोल पंप आधी दिवसा बघून ठेवतो. 'थंडीत तहान कुठे लागते' म्हणून पाणी टाळणाऱ्या सगळ्या मैत्रिणींचं खरं कारण तहान नसतं, स्वच्छतागृह असतं.

उसाची_ट्रॉली | १६ नोव्हेंबर, रात्री ११.५०

दादा, तुम्ही आमच्याच गावावरनं गेलायसा. पेठ नाक्याची थंडी म्हंजे काय ते आम्हाला इचारा. पण थंडीपेक्षा एक लई वाईट गोष्ट सांगतो, ती पुण्या-मुंबईची मंडळी ध्यानात घेत न्हाईत.

गळीत हंगाम चालू झालाय. आता मार्चपतूर रात्रभर ऊस वाहतूक. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि पुढं गाणी एवढ्या मोठ्यानं की तुम्ही आरडलासा तरी त्याला ऐकू जायचं न्हाई. अंधारात ऊस काळाच दिसतोय. दहा फुटांवर गेल्यावर कळतं की रस्ता न्हवं, ट्रॉली हाय. बैलगाडीला तर बैलाच्या डोळ्याचाच रिफ्लेक्टर. वर रस्त्यावर पडलेलं कांडं. त्याच्यावर चाक चढलं की सायकल आडवी.

म्हणून पुढचा लाइट नुसता 'मी दिसावं' म्हणून न्हाई, 'मला दिसावं' असा पायजे. आणि मागं दोन लाल दिवे, एकाचं चार्जिंग संपलं तर दुसरा. माझा एक भाऊ हाय ट्रॅक्टरवर, तो म्हणतोय की फक्त सायकलचा दिवा असला तर लांबचा टॉवर वाटतोय, पण घोट्याला चमकणारी पट्टी असली की वर-खाली हलती, मग माणूस हाय म्हणून कळतंय.

आणि गुऱ्हाळ दिसलं तर थांबा. गरम गूळ कोण पैसे घेत न्हाई.

मागचंचाक | १७ नोव्हेंबर, सकाळी ९.१०

घोट्याच्या पट्ट्या आजच मागवतो. तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा. मागच्या वेळी कराडच्या अलीकडे अशाच एका ट्रॉलीला मी शेवटच्या क्षणी चुकवलं होतं, घरी कुणाला सांगितलेलं नाही.

लीड्सकर | १७ नोव्हेंबर, दुपारी ३.४५ (भारतीय वेळ)

वाचून मजा आली. १२ अंशाला तुम्ही लोक थंडी म्हणता! इथे यॉर्कशरमध्ये सकाळी रस्त्यावर न दिसणारा बर्फाचा पापुद्रा असतो. क्लबच्या हिवाळी राइडला मडगार्ड नसेल तर मागचे लोक असं बघतात की जणू लग्नात चप्पल घालून बोहल्यावर चढलोय. उणे तापमान असेल तर मुकाट्याने गॅरेजमध्ये ट्रेनरवर (सायकल अडकवून जागच्या जागी चालवायचा स्टँड). दीड तासाच्या वर मला तिथे बसवत नाही, घामाचं तळं होतं.

तरीही लोक थांबत नाहीत. सलग १२ महिने दर महिन्याला किमान एक २०० ची ऑडॅक्स (बीआरएमसारखीच) राइड करायची, असा इथे एक प्रकार आहे. त्यात डिसेंबर-जानेवारीतच बहुतेक लोक गळतात. आणि रॅफा नावाच्या कपड्यांच्या कंपनीचं फेस्टिव्ह ५००, २४ ते ३१ डिसेंबर आठ दिवसांत ५०० किमी. म्हणजे ऐन नाताळात घरच्यांचा रोष ओढवून घ्यायचा.

पंक्चरवाली | १७ नोव्हेंबर, दुपारी ४.०२

आले परदेशातले थंडीचे ठेकेदार. मे महिन्यात या, विदर्भात दुपारी दोनला २०० काढून दाखवा. मग बोलू पापुद्र्यावर.

लीड्सकर | १७ नोव्हेंबर, सायंकाळी ५.२०

शरण आलो. मूळचा अमरावतीचा आहे हो, मे महिना माहीत आहे!

पण एक खरंच उपयोगी सांगतो. इथे डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो. ऑफिसला जाता-येता दोन्ही वेळा काळोख. त्यामुळे रात्री चालवणं ही वेगळी, घाबरायची गोष्ट राहिलीच नाही. अंधारात खड्डा ओळखणं, न थांबता खिशातून खाऊ काढून खाणं, चाचपडत ट्यूब बदलणं, हे सगळं रोजच्या येण्या-जाण्यात शिकलो. मागचंचाक, तुम्ही पहाटेचे ४० किमी करता ते बंद करून संध्याकाळी बँकेतून घरी लांबच्या रस्त्याने या. तुम्हाला भीती उजेडाची नाही, साडेचारची आहे.

स्पोक_आणि_स्टेथो | १८ नोव्हेंबर, रात्री ९.१५

वरच्या सल्ल्याला वैद्यकीय दुजोरा. पहाटेची हवा शुद्ध, हा आपला लाडका समज आहे, पण थंडीत शहरात उलटं होतं. जमिनीलगतची हवा गार आणि वर उबदार थर, त्यामुळे धूर, धूळ, शेकोट्यांचा कचरा सगळं झाकण ठेवल्यासारखं खाली कोंडून राहतं. ऊन चढल्यावर ते विरतं. दम्याचा त्रास असलेल्यांनी पहाटे पाचला जोराचे टप्पे करू नयेत. कोरड्या गार हवेने श्वासनलिका आकसते. नाकातोंडावर पातळ बफ (गळपट्टी) ठेवावा, पहिली २० मिनिटं अगदी हळू.

आणि साडेचारचं कोडं. त्यात मनाच्या कमकुवतपणाचं काही नाही. पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचं तापमान आपसूक तळाला असतं, झोपेचा दाब सर्वांत जास्त असतो, आणि बाहेरची थंडीही तेव्हाच शिगेला. त्यात २२ तासांचे कष्ट आणि समोर शेकोटी. उठला असता तर आश्चर्य. त्यामुळे शक्य असेल तर झोप या वेळेवर न्या. दोन ते साडेपाच आडवे व्हा आणि उजाडताना निघा. मध्येच डोळे मिटू लागले तर २० मिनिटांचा गजर लावून डुलकी. पाऊण तासाची नको. गाढ झोपेतून उठवलेला माणूस हँडल धरायच्या लायकीचा नसतो.

थंडीत तहान लागत नाही पण लघवीला जास्त होते, त्यामुळे पाणी घड्याळ लावून प्या. करंगळी बधिर झाली तर तळहाताच्या कडेची नस दाबली जाते आहे. हाताची जागा बदलत राहा, हँडल थोडं वर घ्या. आणि कृपया पुरेसं पाणी न पिता वेदनाशामक गोळ्या खात बीआरएम करू नका, मूत्रपिंडाला ते झेपत नाही. पंचेचाळिशी उलटलेल्यांनी हंगामाआधी एकदा हृदयाची तपासणी करावी. नानांनी केली आहे का?

घाटनाना | १८ नोव्हेंबर, रात्री ९.४०

केली आहे. डॉक्टर म्हणाले चालू द्या. बायको म्हणाली डॉक्टर बदला.

मागचंचाक | १४ डिसेंबर, सकाळी १०.३०

महिनाभर गायब होतो. हळू चालवणं फार अवघड आहे हो! पहिल्या आठवड्यात मला दूधवाल्याने मागे टाकलं. काल एका शाळकरी पोराने 'काका, चेन पडली का?' विचारलं.

शुक्रवारी रात्री ९ ला जेवून मुद्दाम झोपेच्या वेळी निघालो. सोबत सोसायटीतला एक जण. सिंहगड रोड ते वाई आणि परत. खंबाटकीच्या चढाआधी जाकीट काढलं, सोबत्याने काढलं नाही. माथ्यावर मी वर्तमानपत्र खोचत होतो तेव्हा तो हसला, सुरूरला पोचेपर्यंत त्याचं हसू थंडीने गोठलं होतं. वाईच्या एसटी स्टँडवर पावणेदोनला २० मिनिटांचा गजर लावून बाकावर आडवा झालो. झोप लागली नाही, पण उठल्यावर डोकं हलकं होतं. दोन कुत्री पायाशी येऊन झोपली होती, त्यांना लागली.

साडेचारला शिरवळच्या आसपास होतो. तोच क्षण. रस्त्याकडेला शेकोटी, चार माणसं, चहाचं पातेलं. चहा उभ्यानेच प्यायलो, एक पाय पेडलवर ठेवून. सात मिनिटांत बाहेर.

खाण्याचा मात्र बट्ट्याबोळ. आईने डिंकाचे लाडू दिले होते. चाळिसाव्या किमीला दोन खाल्ले, ते खंबाटकीपर्यंत पोटात विटेसारखे.

पंक्चरवाली | १४ डिसेंबर, दुपारी १२.००

डिंकाचा लाडू बाळंतिणीसाठी असतो हो, बाळंतीण खंबाटकी चढत नाही! तूप-खोबरं पचायला कित्येक तास लागतात. तो घरी आल्यावर खा. चालत्या सायकलवर तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत : एक केळं म्हणजे २५ च्या आसपास, त्यावर राजगिऱ्याची वडी किंवा खजूर, आणि बाटलीत साखर-मीठ-लिंबू. भूक लागायच्या आधी, दर अर्ध्या तासाला थोडं थोडं. जेल (पाकिटातली साखरेची पेस्ट) परवडत असतील तर घ्या, मला दहाव्या जेलनंतर सगळं जग चिकट वाटतं.

उसाची_ट्रॉली | १४ डिसेंबर, दुपारी १.३०

आणि रात्री अकराला ढाब्यावर तांबडा रस्सा वरपू नगा. मागच्या साली एकानं वरपला. कागलपतूर दर पंपावर थांबत गेला बिचारा.

घाटनाना | १४ डिसेंबर, रात्री ८.००

पोरा, सात मिनिटांत बाहेर पडलास ना, तोच सराव. पुढच्या शनिवार-रविवारी बॅग भरायचाही सराव कर. कुठल्या कप्प्यात काय, हे डोळे मिटून हाताला कळलं पाहिजे. उजवीकडे खाऊ, डावीकडे ट्यूब. थांब्याला पोचायच्या पाच मिनिटं आधी मनात यादी : शिक्का, पाणी, खाणं, बस्स.

मागचंचाक | २६ जानेवारी, सकाळी ८.५०

४०० झाली. २७ तासांत करायची होती, २५ तास १० मिनिटं लागली. मागच्या वर्षी हीच मी २२ तासांत केली होती, म्हणजे कागदावर मी खराब झालोय. पण घरी आल्यावर स्वतः सायकल पुसली, मुलीबरोबर तिळगुळाच्या उरलेल्या वड्या खाल्ल्या आणि आज सकाळी झेंडावंदनाला सोसायटीत उभा होतो. मागच्या वर्षी ४०० नंतर दोन दिवस जिना उतरता येत नव्हता.

एक शंका. चालता वेग आता २१ आला आहे, पण थांबे अजून साडेसहा तास. त्यात झोप दीड तासाची. कुठे कापू?

घाटनाना | २६ जानेवारी, सकाळी ९.३०

झोप कापू नकोस. जेवणाचा थांबा पाऊण तासाचा असेल तर तो २५ मिनिटांवर आण. ऑर्डर देऊन मग हात-तोंड धू, आधी धुवून मग मेनू बघत बसू नकोस. बाकी तू तयार आहेस.

लीड्सकर | २६ जानेवारी, दुपारी २.१०

अभिनंदन! इथे आज पाऊस आणि ३ अंश, मी गॅरेजमध्ये. पॅरिसला भेटू. ऑगस्टमध्येही तिकडे रात्री चांगलं गारठतं, हा सराव वाया जाणार नाही. आणि हवामानाची कुणालाच हमी नाही, यंदाच्या ऑगस्टात लंडन–एडिंबरा–लंडन ही लांब पल्ल्याची राइड वादळामुळे मध्येच थांबवावी लागली होती. (यंदाच्या म्हणजे गेल्या. जानेवारी उजाडलाय हे विसरतोच.)

मागचंचाक | १२ फेब्रुवारी, रात्री १०.१५

परवा पहाटे ६ ला सुरुवात. रूट तोच, निपाणीच्या पुढून वळायचं. निपाणीला लॉजची खोली सांगून ठेवली आहे, पहाटे दोन ते साडेपाच. म्हणजे पेठ नाका झोपेनंतर, उजेडात, सकाळी दहाच्या आसपास ओलांडायचा आहे. घोट्याच्या पट्ट्या, दोन लाल दिवे, जाकीट, रद्दीतला पेपर, सगळं भरून झालं. लाडू घरी ठेवलेत.

घाटनाना | १२ फेब्रुवारी, रात्री १०.४०

कोल्हापूरला भाचीकडे आलोच आहे. सकाळी दहाला पेठ नाक्यावर येऊन उभा राहतो, थर्मासमध्ये चहा घेऊन.

पंक्चरवाली | १२ फेब्रुवारी, रात्री १०.४४

नाना! कंट्रोल सोडून मध्ये कुठेही बाहेरची मदत घेतली की राइड बाद होते. तीनदा एसआर झालात ना तुम्ही?

घाटनाना | १२ फेब्रुवारी, रात्री १०.५१

चहा मी मलाच घेणार. त्याला एक घोटही देणार नाही. मी फक्त त्या टपरीवर शेकोटी पेटली असेल तर विझवायला येतोय.

उसाची_ट्रॉली | १२ फेब्रुवारी, रात्री ११.०५

नाना, ती टपरी आमच्या चुलत्याची हाय. त्यास्नी सांगून ठेवतो.